कुंडीतली माती जुनी होते म्हणजे नेमके काय होते?

मे महिना उतरणीला लागला की रोपवाटिकांत गर्दी वाढते, आणि त्याच सुमारास शहरांतल्या इमारतींच्या मागच्या कोपऱ्यात मातीने भरलेली पोती दिसू लागतात. गॅलरीत किंवा गच्चीवर बाग करणाऱ्या कुणीतरी वर्षभर वापरलेली माती त्यांत भरून ठेवलेली असते. बहुतेक ठिकाणी घंटागाडी ती घेत नाही, त्यामुळे पोते पावसाळाभर तिथेच भिजत राहते. टाकणाऱ्याला विचारावे तर "तिच्यातला कस गेला" एवढेच उत्तर मिळते. गंमत अशी की पंधरा दिवसांत त्याच पोत्याच्या फाटक्या तोंडातून हिरवेगार गवत वर आलेले असते.

दुसऱ्या बाजूला, माती कधी टाकायची नसते, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत पिकवतो, असे ठामपणे सांगणारे जाणकारही भेटतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. माती जुनी झाली असे म्हणताना आपण निदान तीन निरनिराळ्या गोष्टींची एकच मोट बांधतो: माती चेपलेली असते, तिच्यातले अन्न संपलेले असते किंवा तिच्यात रोग शिरलेला असतो. पहिल्या दोन गोष्टी घरच्या घरी दुरुस्त होतात. तिसरी कधी होते, कधी होत नाही. त्यामुळे नवे पोते आणण्यापूर्वी आपल्या कुंडीत यांपैकी काय घडले आहे ते पाहणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी कुंडी उलटी करून मुळे बघण्याला पर्याय नाही.

शेतकरी तीच माती वापरतो, मग कुंडीतच काय बिघडते?

खरे पाहता शेतकरीही 'तीच' माती वापरत नाही. पीक निघाल्यावर तो जमीन नांगरतो, उन्हाळाभर तापू देतो, शेणखत पसरतो आणि शक्य असेल तर पिकांची फेरपालट करतो. गांडुळे, मुंग्या आणि कुजणारी धसकटे मातीत सतत बारीक वाटा पाडत असतात, आणि चांगला पाऊस साचलेले क्षार धुऊन खोल नेतो. बारा इंची कुंडीत जेमतेम १५ लिटर माती मावते, तिला खाली सरकायला जागा नसते, तिच्यावर रोज वरून पाण्याचा मारा होतो आणि वर्षभर तिला कुणी खुरप्यापलीकडे काही लावत नाही. जमीन वाहत्या नदीसारखी असेल, तर कुंडी म्हणजे हौद आहे, आणि हौद आपला आपण स्वच्छ होत नाही.

माती चेपते म्हणजे काय होते?

मुळांना पाणी लागते हे सर्वांना माहीत असते. मुळांना श्वासही घ्यावा लागतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. मातीच्या कणांमधल्या मोकळ्या जागांना पोकळ्या म्हणूया. मोठ्या पोकळ्यांतून पाणी निथळून जाते आणि तिथे हवा शिरते; बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. कुंडीतल्या चांगल्या मिश्रणात निम्म्याहून अधिक जागा पोकळ्यांची असते, आणि पाणी घालून निथळल्यानंतरही एकूण जागेपैकी १० ते २० टक्के भाग हवेने भरलेला राहतो.

रव्याच्या ढिगावर पाणी ओतले तर ते खाली उतरते. मैद्यावर ओतले तर वरच थांबते आणि त्याचा चिकट गोळा होतो. नवी भरलेली कुंडी रव्यासारखी असते. वर्षभरात तिच्यातले कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), शेणखत, पालापाचोळा हे तंतुमय पदार्थ कुजून बारीक होतात, मातीचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर सरकून मोठ्या पोकळ्यांत जाऊन बसतात आणि रव्याचा हळूहळू मैदा होऊ लागतो. काठोकाठ भरलेली कुंडी वर्षअखेरीस चार बोटे खाली गेलेली दिसते, त्याचे कारण हेच. माती वाहून गेली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मोठा हिस्सा कुजून गेलेल्या पदार्थांचा आणि मिटलेल्या पोकळ्यांचा असतो.

काळी माती वापरणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात त्यामुळे भेगा पडतात. कुंडीत मातीचा गोळा कडेपासून सुटतो, आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत येते. ताटली भरली म्हणून आपण समाधानाने घरात जातो आणि आत मुळे कोरडीच राहतात.

तळाशी विटांचे तुकडे घातले की निचरा होतो ना?

होत नाही, आणि हा समज इतका पक्का बसला आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा आणि पाणी गळायचे थांबू द्यावे. मग तोच स्पंज उभा करावा; लगेच आणखी पाणी गळू लागते. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीच्या तळाशीही असाच एक कायम चिंब असलेला थर असतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून कुंडी जितकी उथळ, तितका चिखलाचा वाटा जास्त.

आता तळाशी तीन इंच विटांचे तुकडे घातले तर काय होते? बारीक कणांच्या मातीतले पाणी मोठ्या फटींच्या थरात सहजासहजी उतरत नाही. वरची माती संपूर्ण भिजेपर्यंत ते तिच्यातच धरले जाते. म्हणजे चिंब थर नाहीसा न होता तीन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवणे पुरेसे आहे. याच कारणाने खाली जुनी माती आणि वर नवी असे थर लावण्याची युक्तीही फसवी ठरते. जुनी-नवी एकत्र कालवावी.

मग जुन्या मातीत नुसते खत घातले तर?

वापरलेल्या मातीतून नत्र कमी झालेले असते हे खरे. रोपाने ते घेतलेले असते आणि उरलेले पाण्याबरोबर वाहून गेलेले असते. स्फुरद (फॉस्फरस), कॅल्शियम यांसारखे घटक मात्र बऱ्याच प्रमाणात शिल्लक असतात. अन्नाची उणीव भरून काढणे या सगळ्या प्रकरणात सर्वांत सोपे आहे, म्हणूनच आपण त्यावर सर्वांत जास्त भर देतो. केंद्र सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात किमान १ टक्का नत्र असावे लागते, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम. युरियात ते ४६ टक्के असते. गांडूळखत घालायचे ते केवळ त्या १० ग्रॅमसाठी नव्हे, तर त्यासोबत येणाऱ्या भुसभुशीत, सच्छिद्र पदार्थासाठी आणि जिवाणूंसाठी. चेपलेल्या मातीत मूठभर दाणेदार खत टाकणे म्हणजे नाक चोंदलेल्या माणसापुढे जेवणाचे ताट वाढण्यासारखे आहे.

जुनी माती पुन्हा वापरण्यासाठी तिची रचना आधी सुधारावी. माती ताडपत्रीवर पसरून हाताने ढेकळे फोडावीत आणि जाड मुळे काढून टाकावीत. केसासारखी बारीक मुळे राहिली तरी चालतात, ती कुजून वाटा तयार करतात. पाच घमेली जुन्या मातीत दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली भिजवून फुलवलेले कोकोपीट आणि एक घमेले भाताचे तूस किंवा परलाइट (उष्णतेने फुलवलेले हलके, पांढरे खनिज) असे माझे प्रमाण आहे. माती काळी असेल तर जुन्या मातीचा वाटा आणखी कमी ठेवावा. बारीक वाळू घालू नये, कारण ती पोकळ्या मोकळ्या करण्याऐवजी बुजवते. बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळता येते. हे मिश्रण ओलसर ठेवून दोन-तीन आठवडे मुरू द्यावे. ताजे तूस आणि अर्धवट कुजलेली मुळे कुजताना मातीतले नत्र स्वतःकडे ओढून घेतात, आणि त्या काळात लावलेले रोप पिवळे पडते. मग दोष जुन्या मातीला दिला जातो.

मातीवर दिसणारा पांढरा थर कशाचा?

गीझरच्या कांडीवर किंवा पाणी तापवण्याच्या पातेल्यात जो थर बसतो, त्याचाच हा भाऊबंद आहे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार आणि वापरून उरलेली रासायनिक खते पाणी उडून गेल्यावर मातीत राहतात. ते वाढले की मुळांना पाणी ओढणे कठीण जाते आणि माती ओली असूनही पानांच्या कडा करपतात. नीट न धुतलेल्या स्वस्त कोकोपीटमध्येही सोडियम व पोटॅशियमचे क्षार असतात, म्हणजे नव्या मिश्रणातही हा दोष असू शकतो.

उपाय साधा आहे: कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी, म्हणजे १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर, सावकाश ओतून पूर्ण निथळू द्यावे. ते गॅलरीत करू नये. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पावसाळ्यात रिकाम्या कुंड्या उघड्या गच्चीवर ठेवल्या तर हे काम पाऊसच फुकट करून देतो.

खरी अडचण रोगाची आहे

आतापर्यंतचे सगळे दुरुस्त होण्याजोगे आहे. रोप रोगाने गेले असेल तर मात्र जपून पावले टाकावी लागतात, आणि ते कशाने गेले हे कळले नाही तर पुढचा निर्णय अंधारात घेतला जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. काल संध्याकाळपर्यंत ताजेतवाने असलेले टोमॅटोचे किंवा वांग्याचे झाड सकाळी पाने हिरवी असतानाच मान टाकते आणि पाणी घालूनही उठत नाही. अशा झाडाच्या बुंध्याचा दोन-तीन इंचांचा तुकडा धारदार सुरीने कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात असा धरावा की त्याचे खालचे टोक पाण्यात बुडेल, आणि हात न हलवता पाच मिनिटे थांबावे. कापलेल्या टोकातून दुधाच्या बारीक धारेसारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. कोकणात वांग्यावर तो चांगलाच परिचित आहे. ते धागे म्हणजे एकमेकांना चिकटलेले लक्षावधी जिवाणू. ही माती टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा किंवा आले यांना पुन्हा वापरू नये. कुंडीपुरता विचार केला तर ती बागेतून बाहेर काढणेच शहाणपणाचे आहे.

धागे दिसले नाहीत, खालची पाने आधी एका बाजूने पिवळी पडत गेली आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा आढळल्या, तर बहुधा फ्युजेरियम बुरशीची मर आहे. तिचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात. परंतु या बुरशीचे प्रकार आपापल्या पिकाला धरून असतात. टोमॅटोला मारणारा प्रकार मेथीला किंवा माठाला मारत नाही. त्या मातीत टोमॅटो सोडून पालेभाजी घ्यायला हरकत नाही.

मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या किड्यांच्या. भेंडी, काकडी, टोमॅटो, वांगे यांना ते विशेष आवडतात. (वाल-चवळीच्या मुळांवरच्या गाठी मात्र हवेतले नत्र बांधून घेणाऱ्या उपकारक जिवाणूंच्या असतात; त्या नखाने अलगद सुटतात, सूत्रकृमींची गाठ मुळाचाच फुगलेला भाग असल्यामुळे सुटत नाही.) अशा मातीत जूनमध्ये दाटीने झेंडू लावावा. त्याच्या मुळांतली द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात आणि दसऱ्याला तोरणाची सोय होते.

वाकडी, पांढरी, जाड हुमणी अळी आढळली तर घाबरण्याचे कारण नाही. माती पसरून वेचून काढली की काम झाले. उरलेले काम साळुंक्या आणि कावळे करतात.

माती दोन दिवस उन्हात वाळवली की झाले ना?

वाळवल्याने अळ्या मरतात; टणक आवरणाचे बुरशीचे बीजाणू कोरड्या उन्हाला फारसे जुमानत नाहीत. बीजाणू ओलावा शोषून जागे होऊ लागले की नाजूक होतात, आणि ओली उष्णता कोरडीपेक्षा खोल पोहोचते. तव्यावर परतलेला वाटाणा आणि कुकरमध्ये शिजलेला वाटाणा यांत जो फरक, तोच इथे आहे. याच तत्त्वावर इस्राएलमधले संशोधक याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हाने रोगजंतू मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला सौर निर्जंतुकीकरण म्हणतात.

आपल्याकडे तिचा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आहे. माती लाडू वळेल इतकी ओली करावी, जाड पारदर्शक पिशव्यांत सहा इंचांपेक्षा जाड थर होणार नाही इतकी भरावी, तोंड घट्ट बांधावे आणि पिशव्या दिवसभर ऊन लागेल अशा जागी चार ते सहा आठवडे आडव्या ठेवाव्यात. प्लास्टिक काळे नको, कारण काळे प्लास्टिक स्वतः तापते आणि ऊन आत जाऊ देत नाही. विदर्भ-मराठवाड्यात याचा परिणाम उत्तम मिळतो. किनारपट्टीवर पूर्ण सहा आठवडे द्यावेत. बीजारोपणापुरती थोडीच माती हवी असेल, तर जुन्या पातेल्यात चाळणी ठेवून अर्धा तास वाफवता येते, परंतु मातीचे तापमान ८२ अंशांच्या फार पुढे नेऊ नये, कारण अति तापलेल्या मातीत रोपांना बाधक द्रव्ये सुटी होतात. आणि हे मोदकपात्रात करू नये, हे सांगावे लागते, कारण एकदा आमच्याच घरी तसा विचार झाला होता.

उष्णतेने चांगले जिवाणूही कमी होतात. म्हणून गांडूळखत, ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी किंवा निरोगी कुंडीतली दोन मुठी माती नंतर मिसळावी, जसे दूध तापवून कोमट झाल्यावरच विरजण लावतात.

विकतची माती तरी निर्जंतुक असते ना?

पोत्यावर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तसे गृहीत धरू नये. एका रोपवाटिकेतून मी आणलेल्या लाल मातीच्या दोन पोत्यांतून आमच्या गच्चीवर लव्हाळा हे चिवट तण आले आणि त्याचे गड्डे वेचण्यात दोन पावसाळे गेले. 'पॉटिंग मिक्स' या नावाखाली कोणी नव्वद टक्के कोकोपीट देतो, तर कोणी लाल मातीवर चार मुठी शेणखत भुरभुरून देतो. ओले मिश्रण किलोवर घेतले तर आपण पाण्याचे पैसे मोजतो. कोकोपीटची ५ किलोची कोरडी वीट मात्र भिजवल्यावर ७० लिटरच्या आसपास फुलते.

लाल माती येते कुठून, हाही प्रश्न आहे. ती कुठल्यातरी टेकडीच्या उतारावरून खरवडलेली असते, आणि सुपीक मातीचा एक सेंटिमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. शेतीतले प्रयोगशील अभ्यासक श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवार' या गटाने गच्चीवरच्या बागेसाठी पालापाचोळा कुजवून माती घडवण्याचा आग्रह धरला, तो मला म्हणूनच आजही पटतो.

माती जुनी असो वा नवी, पोते उघडताना तोंड दूर ठेवावे आणि थोडे पाणी शिंपडून धूळ बसवावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कुंडीच्या मातीतून न्यूमोनिया झाल्याचे रुग्ण आढळले होते, आणि तिथल्या पोत्यांवर तसा इशारा छापलेला असतो.

मग नवी माती केव्हा घ्यावी?

बी पेरताना किंवा फांदी रुजवताना नवे मिश्रण घ्यावे. कोवळी रोपे मातीलगत कोलमडण्याचा रोग जुन्या मातीत सहज होतो, आणि पेरणीच्या ट्रेला माती लागतेच किती? मर रोगाने गेलेल्या झाडाच्या जागी तेच झाड पुन्हा हवे असेल तर नवी घ्यावी. घरात ठेवायच्या लहान कुंड्यांसाठीही नवे मिश्रण सोयीचे, कारण तिथे ऊन कमी, माती उशिरा वाळते आणि हवेशीरपणाला जास्त महत्त्व असते. गॅलरीवर पडणाऱ्या भाराचा विचार असेल तर कोकोपीटचे हलके नवे मिश्रण घ्यायला तेवढेच कारण पुरेसे आहे. बाकी जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, पालेभाज्या, वेलभाज्या यांना सुधारलेली जुनी माती उत्तम चालते.

एक सवय मात्र लावून घ्यावी. रिकामी केलेली माती भरताना पोत्यावर आधीचे झाड, ते कसे गेले आणि महिना लिहून ठेवावा. सध्या आमच्या गच्चीवर तीन पोती आहेत. एकावर 'मिरची, निरोगी, फेब्रुवारी' असे लिहिले आहे आणि त्यातली माती भेंडीला जाणार आहे. दुसऱ्यावर 'टोमॅटो, तपकिरी खोड' आहे. त्यात मेथी पेरायची आहे. तिसऱ्यावरची शाई वळवाच्या पावसाने धुऊन गेली, आत काय होते ते घरात कुणालाच आठवत नाही, म्हणून त्यात यंदा झेंडू लावायचा आहे.